वर्गातून काढायचं कुणाला?

गेले पंधरा दिवस कोल्हापुरात माझ्या मुलीच्या वर्गाच्या पालकांमध्ये एक वाद पेटलाय. वाद महत्त्वाचा आहे, पण दोन्ही बाजूंनी तो वाईट पद्धतीने चाललाय, म्हणून हे लिहायला बसलो. तिसरीचा वर्ग, पटावर ४६ मुलं. त्यातला एक मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला आहे. त्या दिवशी गॅदरिंगच्या तालमीसाठी मैदानात स्पीकर लावला होता आणि त्याचं तोंड नेमकं या वर्गाच्या खिडकीकडे होतं. तिसऱ्या बाकावर, खिडकीलगत, हा मुलगा दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून मागे-पुढे डुलत बसला होता. पाऊण तास. माझी मुलगी त्याच्या मागच्याच बाकावर बसते. ती म्हणाली, "बाबा, त्याचे कान लाल झाले होते." बाई दुसऱ्या वर्गाच्या नाचाची तालीम घ्यायला गेल्या होत्या. शेजारच्या मुलीने त्याच्या दप्तराखाली अडकलेली आपली वही ओढली आणि त्याने तिचं मनगट धरलं. चार बोटांचे ओरखडे उठले, त्यातला एक जरा खोल. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर अर्जाचा मसुदा फिरू लागला: सदर विद्यार्थ्यास त्याच्यासाठी असलेल्या वेगळ्या शाळेत पाठवावे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या मुलाला याच वर्गात ठेवलं पाहिजे आणि त्याच्या सोबतीला शिकलेलं, प्रशिक्षण घेतलेलं माणूस दिलं पाहिजे. यातली दुसरी गोष्ट विसरून नुसती पहिली मागणं म्हणजे त्या पोरावर, बाईंवर आणि उरलेल्या ४५ मुलांवर सारखाच अन्याय करणं आहे. पहिली विसरून नुसती 'सोय' मागणं म्हणजे त्याला नजरेआड करणं आहे.

अर्जाला विरोध करणारेही ग्रुपवर होते, पण त्यांनी काय केलं? 'देवाघरची फुलं' असं लिहिलेली चित्रं टाकली. हात जोडल्याची चिन्हं टाकली. 'अशा माऊलीला सलाम' असं कुणीसं लिहिलं. वाचून मला पहिल्या बाजूइतकंच वाईट वाटलं. एक बाजू म्हणते हा आपल्यातला नाही, याला दुसरीकडे न्या. दुसरी बाजू म्हणते हा आपल्यातला नाही, हा देवाचा. तो तिसरी 'ब'चा विद्यार्थी आहे, त्याचा हजेरी क्रमांक आहे, त्याला पाढे सतरापर्यंत येतात आणि मधल्या सुट्टीत त्याला दुसऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी लागते, ही साधी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात नाही. देवाघरच्या फुलाला शाळेत जागा द्यावी लागत नाही, त्याच्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही. हात जोडले की काम झालं.

या हात जोडण्याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. आठशे वर्षांपूर्वी ऋद्धिपुरात गोविंदप्रभू राहत होते. त्यांचं वागणं लोकांना वेड्यासारखं वाटे. ते कुणाच्याही घरात शिरत, हवं ते खात, वाटेल तिथे बसत. गावाने ते सगळं पोटात घातलं. महानुभाव पंथाने जपलेल्या त्यांच्या लीळांमध्ये, म्हणजे आठवणींमध्ये, हे वाचताना मन भरून येतं. पण गावाने ते पोटात घातलं ते अवतार मानून. त्याच गावातल्या एखाद्या कुणब्याच्या पोराने तसंच केलं असतं तर? साध्या माणसाला वेगळं असण्याची मुभा द्यायला आपण आजही तयार नाही, आणि द्यायचीच झाली तर आधी त्याला देव करतो. रंकाळ्यावरच्या बागेत एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी झोपाळ्यावर घेऊन येते. मोठा मुलगा, तोंडाने सारखा एकच आवाज काढतो. तिच्याशी एकदा बोलणं झालं. ती म्हणाली, "लोक मला ग्रेट म्हणतात दादा, आणि लगेच शेजारच्या झोपाळ्यावरनं आपलं पोर उतरवून घेतात." कुणी तिला जोतिबाला नवस बोलायला सांगतं, कुणी एखाद्या वैद्याचा पत्ता देतं. त्या बागेत तिला कुणी 'झोपाळा रिकामा झालाय, या' एवढं म्हटलं तरी तिला ते सलामापेक्षा मोलाचं वाटेल.

आता अर्जवाल्यांकडे वळतो, कारण त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा सुरक्षेचा. आठ वर्षांच्या पोरीच्या हाताला रक्त आलं तर आईबापाच्या जिवाचं पाणी होणारच. त्याला कोत्या मनाचं म्हणणं मला पटत नाही. दुसरा मुद्दा शिकवण्याचा. ४६ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी एका मुलाकडे तासातली वीस मिनिटं दिली तर बाकीच्यांचं काय? हा प्रश्न विचारणं क्रूरपणा नाही. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: विशेष शाळांमध्ये जे कौशल्य आहे ते नेहमीच्या शाळेत नाही. आपल्या शेंडा पार्कातल्या 'चेतना'सारख्या ठिकाणी बौद्धिक अक्षम मुलांना बटण लावण्यापासून हाताला काम मिळेपर्यंत जे शिकवलं जातं, ते आपल्या कुठल्या हायस्कुलात शिकवलं जातं? अनेक पालक विचारपूर्वक मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून तिकडे घालतात, आणि मूल तिथे फुलतं. त्यांचा तो निर्णय चुकीचा आहे असं म्हणायचा अधिकार मला नाही.

आणि नेमकी इथेच गोम आहे. तो निर्णय त्या पालकांचा असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने. पसंती कुणाची? मुलाची, त्याच्या आईबापांची. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या बापाची नाही. विशेष शाळा आहे म्हणून तुम्ही तिकडे जा, असं ४५ घरांनी एका घराला सांगणं आणि त्या घराने स्वतः तिकडे जाणं, यात वाट एकच असली तरी जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाला निवड म्हणतात, दुसऱ्याला हकालपट्टी.

बाकीच्यांचं नुकसान होतं, हा युक्तिवाद नवा नाही. जून १८५६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला तो मिळाला नाही. सरकारने कारण काय दिलं? या एका मुलाला घेतलं तर बहुसंख्य लोकांना शाळा निरुपयोगी होऊन बसेल. एकाचा हक्क तत्त्वतः मान्य, पण बहुतेकांची गैरसोय नको. १८५६ चं ते उत्तर आणि आमच्या ग्रुपवरचा मसुदा शेजारी ठेवून पाहा. आज आपल्याला त्या उत्तराची लाज वाटते. पण ते उत्तर देणारे राक्षस नव्हते, त्यांनी आकडेमोड केली होती: एका बाजूला एक मूल, दुसऱ्या बाजूला शाळाभर मुलं. आपणही आज तीच आकडेमोड मांडतोय.

कोल्हापुरात राहून ही आकडेमोड मांडताना तरी जीभ अडखळायला हवी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला. १९१९ साली त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सरकारी शाळांत सगळ्यांच्या बरोबर बसवायचा हुकूम काढला. वेगळ्या शाळा होत्याच की! शिक्षण मिळतच होतं. मग महाराजांना त्या बंद का कराव्याशा वाटल्या? कारण वेगळ्या भिंतीआड शिकलेल्या मुलाला अक्षरं येतात, पण भिंतीपलीकडच्यांना तो माणूस म्हणून कधी दिसत नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की ही तुलना ताणलेली आहे. जातीचा फरक माणसाने उभा केलेला. दार उघडलं की तो मुलगा इतरांसारखाच शिकतो. स्वमग्न मुलाची अडचण खरी आहे. दार उघडून ती जात नाही. मान्य. म्हणूनच शाहूंचं दुसरं काम विसरता कामा नये. त्यांनी नुसती दारं उघडली नाहीत. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. राहायची, जेवायची, अभ्यासाची जास्तीची मदत वेगळी. शाळेचा वर्ग मात्र एकच. खेड्यातल्या गरीब पोराची अडचणही खरीच होती, राहायला छप्पर नव्हतं. त्या अडचणीवर त्यांनी आधार दिला, शाळा वेगळी केली नाही. स्वमग्न मुलाला लागणारा आधार वेगळा आहे, जास्त कौशल्याचा आहे, खर्चाचाही आहे. पण प्रश्नाची जात तीच आहे.

बरं, कोल्हापूरला हे अजिबात जमलेलं नाही असंही नाही. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. संस्थेच्या उचगावच्या शाळेत अपंग आणि धडधाकट मुलं एकत्र शिकतात, आणि तिथे आपल्या मुलांचं नुकसान झालं असं म्हणत पालकांनी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या शहराने खुर्चीवरच्या मुलाला हळूहळू सामावून घेतलं. मग स्वमग्न मुलापाशीच का अडतं? मला वाटतं, रॅम्प बांधायचा तर सिमेंट, वाळू आणि गवंडी लागतो. आपल्याला स्वतःला काही बदलावं लागत नाही. पण जो मुलगा नजरेला नजर देत नाही, मध्येच टाळ्या पिटतो, आवाज वाढला की घाबराघुबरा होतो, त्याच्यासाठी रॅम्प बांधायचा तो आपल्या वागण्यात. स्पीकरचं तोंड फिरवावं लागतं. तास बदलण्याआधी त्याला सांगावं लागतं. कुणी टक लावून बघत असेल तर त्याला थांबवावं लागतं. शिवाय खुर्ची दिसते. हे दिसत नाही. म्हणून आपण त्याला अडचण म्हणत नाही, 'वळण' म्हणतो, आणि वळण लावलं नाही म्हणून आईला धरतो.

आईला धरण्याचा प्रकार तर इतका सर्रास आहे की त्यावर वेगळं बोललंच पाहिजे. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, आई नोकरी करते, पोराच्या हातात मोबाइल दिला, हे त्याचं फळ. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं ते १९४३ साली. तेव्हा कुठला मोबाइल? पुढे काही दशकं परदेशातल्या तज्ज्ञांनीही आईच्या मायेतल्या कोरडेपणामुळे हे होतं असं ठासून सांगितलं, हजारो आयांना आयुष्यभर अपराधी ठरवलं, आणि नंतर तो सिद्धांत साफ चुकीचा ठरला. विज्ञानाने टाकून दिलेलं हे खापर आपण अजून घराघरांत आईच्या डोक्यावर फोडतोय. या मुलाच्या आईला मी गेली तीन वर्षं पाहतोय. सकाळी पावणेसातला पोराला घेऊन ती फाटकाशी उभी असते, गर्दी व्हायच्या आधी. कारण गर्दीतून आत जाणं त्याला सोसत नाही. तीन वर्षांत तिच्याशी आपणहून बोलायला गेलेले पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात पहिली दोन वर्षं मीही नव्हतो, आणि याची मला मनापासून खंत आहे.

आणखी एक सूर ऐकू येतो, विशेषतः वयस्कर मंडळींकडून. पूर्वी असं काही नव्हतं, वाड्यात एखादं खुळं पोर असायचं, ते चार पोरांत मिसळून जायचं, ही लेबलं आत्ताची. यात थोडं सत्य आहे. आपल्याकडे 'खुळ्या' ही शिवी जितकी आहे तितकीच मायेची हाकही आहे, आणि पेठेत, तालमीत, देवळाच्या पायरीवर अशा पोराला एक जागा असायची. पण त्या आठवणीतला दुसरा भाग कुणी सांगत नाही. ते पोर शाळेत नसायचं. पाहुणे आले की माडीवर असायचं. बहिणीचं लग्न ठरत असताना तर त्याचं नावही निघायचं नाही. आणि आईबाप गेल्यावर ते कुठे गेलं, हे वाड्यातल्या कुणालाच नीटसं सांगता येत नाही. लेबल नको म्हणणं सोपं आहे, पण निदान झालं नाही तर उपचारपद्धती नाही, प्रमाणपत्र नाही, सवलत नाही. शब्द बदलून भागत नाही हेही खरंच. मतिमंद म्हटलं, मग विशेष म्हटलं, २०१५ च्या शेवटापासून दिव्यांग म्हणू लागलो, आणि त्या शब्दाला अनेक अपंग संघटनांनीच हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला चढायला पायरी ठेवा. मला ते पटतं.

मग पुन्हा त्या पाऊण तासाकडे येतो. ज्या मुलीला ओरखडा आला तिच्या आईला मी भेटलो. मसुदा तिच्या नावाने फिरत होता, म्हणजे 'त्या मुलीला न्याय मिळावा' असं वर लिहून. तिने मसुदा लिहिला नव्हता, तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "माझं एवढंच म्हणणं होतं भाऊ, की तेवढा वेळ वर्गात मोठं माणूस का नव्हतं?" साऱ्या वादात सरळ प्रश्न एवढाच आणि तो तिने विचारला. वर्गात मोठं माणूस असतं तर खिडकी लावली असती, त्याला दुसऱ्या खोलीत नेलं असतं, वही त्या पोरीला काढून दिली असती. ओरखडा त्याच्या स्वमग्नतेने उठला नाही, तो उठला रिकाम्या खुर्चीमुळे. प्राथमिकला तीस, फार तर चाळीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं शिक्षणहक्क कायदा २००९ पासून सांगतो. आमच्या वर्गात ४६ आहेत. विशेष शिक्षकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. आमच्या शाळेत विशेष शिक्षक कायमचा एकही नाही. ही कमतरता ४६ च्या ४६ मुलांची आहे. पण आपण सगळे मिळून तिच्याविरुद्ध बोलत नाही. ज्याला तिची झळ सर्वांत जास्त लागते त्यालाच बाहेर काढा म्हणतो. उद्या तो गेला तर वर्गात ४५ मुलं राहतील, बाई एकच राहतील आणि स्पीकर तिथेच राहील. मग पुढचं नाव कुणाचं? अक्षरं उलटी दिसणाऱ्या मुलाचं? फिट येणाऱ्या मुलीचं?

पैशाचा प्रश्न राहतो, आणि तो खोटा नाही. सोबतीच्या माणसाचा पगार कुणी द्यायचा? त्या आईबापांनी एकट्याने, असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलं जातं. गॅदरिंगचा मांडव, साउंड, ड्रेस यासाठी आम्ही प्रत्येक घराने वर्गणी दिली तेव्हा कुणी म्हटलं नाही की ज्याचं मूल नाचणार नाही त्याने का द्यावी. शाळा चालते ती अशीच.

आणि एक गोष्ट त्या मुलाच्या बाजूने बोलणारेही बोलत नाहीत. अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न उरतो: आमच्या माघारी काय? कायद्याने थोडी वाट काढली आहे, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्न, बहुविकलांग व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायची तरतूद आहे. पण पालक एक असतो आणि रस्त्यावर, बँकेत, केएमटीच्या बसमध्ये भेटणारी माणसं हजार असतात. हा मुलगा तीस वर्षांचा होईल तेव्हा बसमध्ये कानांवर हात दाबून डुलू लागेल, तेव्हा त्याच्या आजूबाजूला कोण असेल? आजचे हे आठ-आठ वर्षांचे. माझी मुलगी कुणी न शिकवता आता ओळखते की त्याने बोटं चोळायला सुरुवात केली म्हणजे आवाज वाढलाय. बी.एड. झालेल्या कितीकांना ते कळत नाही. तिचं गणित त्याच्यामुळे मागे पडलंय का, हे मी वह्या काढून तपासलं. पडलेलं नाही. तिला नऊचा पाढा येत नाही, पण तो तिला तसाही येत नव्हता, आणि त्या मुलाला येतो.

मुख्याध्यापकांकडे मी वेगळा अर्ज दिला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत: तालमीचा स्पीकर मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात न्यावा, तालमीच्या दिवसांत कुठलाही वर्ग बाईंशिवाय सोडू नये, आणि विशेष शिक्षकाचं पद मिळावं म्हणून शाळेने शिक्षण विभागाला लेखी कळवावं, तोवर सोबतीच्या माणसाचा खर्च पालकसभेने वाटून घ्यावा. पहिल्या अर्जावर ३१ सह्या आहेत. माझ्या अर्जावर आजवर सहा झाल्या, त्यात ओरखडा आलेल्या मुलीच्या आईची सही दुसरी आहे. सभा येत्या शनिवारी चार वाजता आहे. मंगळवार पेठेतली आणि शिवाजी पेठेतली घरं करून झाली, राजारामपुरीतली राहिलीत.